दुसरं मत भागामावशींचं

भागामावशींना कुणी सल्ला विचारला की त्या आधी एकच प्रश्न करायच्या, "डॉक्टर काय म्हणला?"

विचारणाऱ्याला बरं वाटायचं. बाई समंजस दिसतात, डॉक्टरला मान देतात. मग तो डॉक्टरचं सगळं बोलणं सविस्तर सांगायचा. मावशी अर्धवट डोळे मिटून, मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर हाय त्याचं. आता मी सांगते तसं कर."

मखमलाबाद रोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच त्यांचं घर होतं. माहेर तिथून पुढे, मळ्यातलं. घरात शेवंती, गुलछडी आणि मेथी-कोथिंबीर पिकवणारी माणसं. त्यामुळे मूल असो, कुत्रं असो की मोगऱ्याचं रोप असो, मावशी एकाच नजरेनं बघायच्या. पान पिवळं पडलंय का, मान खाली आहे का, पाणी जास्त होतंय का. त्यांचे यजमान ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पाळीवर होते, त्यामुळे पुष्कळदा दिवसा घरी असत. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा फारसे बोलायचे नाहीत. ओट्यावरून उडी मारायच्या बेतात असलेल्या पोराला ते फक्त म्हणायचे, "सावकाश उतरव, चाकं बाहेर काढ," आणि पोरगं खरोखर पाय लांब करून अलगद उतरायचं.

मावशींची स्वतःची चार मुलं मोठी होऊन मार्गाला लागली होती. घर रिकामं झालं आणि शेजारणी नोकरीला जायला लागल्या, या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या, त्यातून त्यांचं पाळणाघर सुरू झालं. पाटी कधी लागली नाही. फाटकाच्या आत एक आडवी फळी बांधलेली होती, ती रांगणाऱ्या मुलांसाठी. त्या फळीवरून दिवसभर उडी मारून आत-बाहेर करणारं एक काळं कुत्रं होतं, त्याचं नाव डांबर. कॉलनीच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडलं तेव्हा हे पिल्लू चारही पाय बरबटवून मावशींच्या ओट्यावर येऊन चिकटलं होतं. मावशींनी गोडेतेल चोळून चोळून त्याचे पाय सोडवले. त्यानंतर ते तिथून हललं नाही. घरात एक मांजरही होती, कलेक्टरीण. ती कुणाच्याही घरी न कळवता जायची आणि स्वयंपाकघराची पाहणी करून यायची.

मी त्या वेळी टेलिफोन खात्यात होते. माझी मिनू पाच महिन्यांची झाली, रजा संपली, आणि मी तिला घेऊन मावशींच्या दारात उभी राहिले. आम्ही मूळचे नाशिकचे नाही, जवळ सासू नाही, आई नाही. माझा सगळा भरवसा डॉक्टरांवर.

"दर तीन तासांनी दूध द्यायला सांगितलंय," मी म्हणाले.

"बरं."

"झोपलेली असली तरी उठवून."

मावशींनी मिनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जन्मली तवा केवढी होती?"

"अगदी लहान. दोन किलोसुद्धा नव्हती."

"तवा सांगितलं असंल. आता हिच्या मांड्या बघ. ही उपाशी झोपंल का?"

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरचं बरोबरच हाय. पण त्यानं ते त्या पोरीला बघून सांगितलं, आन् तू आता या पोरीला घेऊन आलीस."

मी मुकाट्यानं मिनूला त्यांच्या हातात दिलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेल्यावर मी भीत भीत विचारलं, तर ते हसायलाच लागले. "ते पहिल्या महिन्यापुरतं होतं हो! तुम्ही अजून उठवताय तिला?" मी हे मावशींना सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी फक्त विचारलं, "मग तू त्याला आधी का नाय विचारलं?"

त्यांचा नियम सोपा होता आणि तो त्या सगळ्या नव्या आयांना ऐकवायच्या. दोन मतं घ्यायची. एक डॉक्टरचं आणि एक पोराचं. स्वतःचं मत त्या मोजत नसत. एकदा मी तसं म्हणाले, तर त्यांना नवल वाटलं. "माझं कुठं मत असतंय? मी तर जे हाय ते सांगते."

ताप बघायला त्या पोराच्या कपाळाला आपला गाल लावायच्या. घरात थर्मामीटर होता, आप्पांच्या एका जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेला. गाल लावून आकडा जाहीर झाला की मग थर्मामीटर निघायचा. आकडा जुळला तर त्या समाधानानं म्हणायच्या, "चांगला हाय अजून." म्हणजे थर्मामीटर. नाही जुळला तर त्याला झटकून परत मोज्यात टाकायच्या. मात्र पाणी उकळून गार केल्याशिवाय त्या कुठल्या पोराच्या तोंडाला लावू देत नसत, आणि लसीची तारीख चुकवलेल्या आईला फाटकातच अडवत. आधी टोचून आण, मग ठेव. माहेरी त्यांच्या धाकट्या भावाचा पाय पोलिओनं गेला होता. त्याबद्दल त्या कधी जास्त बोलल्या नाहीत. पण सुईच्या बाबतीत पोराचं मत विचारायचं नाही, हा त्या नियमाला अपवाद होता.

पाळणाघरात कुत्र्याला आणि मुलांना वेगवेगळं वळण लावायची पद्धत नव्हती. डांबरनं ताटलीत भाकरी शिल्लक ठेवली तर त्याला ऐकावं लागायचं, "अन्न टाकू नाय, संपव." आणि एखाद्या मुलानं खेळणी नीट आवरली की मावशी त्याच्या डोक्यावर थोपटून म्हणायच्या, "शाब्बास रे माझ्या वाघ्या," आणि हातावर बिस्किटाचा तुकडा ठेवायच्या. माझी मिनू बरेच दिवस घरी काहीही चांगलं केलं की हात पुढे करून उभी राहायची.

मिनू बालवाडीत जायच्या सुमारास नाक्याजवळ खैरनार डॉक्टर पती-पत्नींनी दवाखाना काढला. बायको, मंजिरी, लहान मुलांची डॉक्टर. नवरा जनावरांचा. इमारत एक, ओटा एक, दारं दोन. डावीकडच्या दारातून मुलं आत जायची, उजवीकडच्या दारातून कुत्री, मांजरं आणि क्वचित एखादी शेळी. बाकडं मात्र दोघांत मिळून एकच. त्यावर एका टोकाला टोपडं घातलेलं बाळ आणि दुसऱ्या टोकाला पट्टा घातलेलं कुत्रं, असे दोघं एकमेकांकडे बघत बसलेले असायचे, आणि रडायची सुरुवात कोण करतो हे सांगता यायचं नाही.

मावशींना हा दवाखाना फार आवडला. पहिल्याच आठवड्यात त्या दोघांनाही बघून आल्या आणि कॉलनीत निकाल सांगून टाकला. "बाई चांगली हाय, पण नवरा जास्त हुशार."

"कशावरून?"

"त्याचा पेशंट बोलत नाय ना. मग त्याला बघावं लागतं. तिच्याकडं पोराची आई आधी सगळं सांगून टाकते, खरं-खोटं."

हे मंजिरीच्या कानावर गेलंच. ती तेव्हा तरुण होती, नुकतीच शिकून आलेली, अगदी नीटनेटकी. टेबलावर पेनसुद्धा सरळ रेषेत ठेवणारी. तिला राग आला असणार, पण तिनं दाखवला नाही. पुढच्या वेळी मावशी एका पोराला खोकल्यासाठी घेऊन गेल्या, तेव्हा तिनं काही न विचारता त्याला तपासलं, पाठीवर नळी लावली, कान बघितला, आणि मग म्हणाली, "हं, आता तुमचं ऐकते." मावशींनी घरी येऊन मला सांगितलं, "शिकतीय ती."

डांबरच्या वजनाचं प्रकरण त्यानंतरचं. डांबर फुगायला लागला होता. आधी तो फळीवरून उडी मारायचा, मग फळीवर पुढचे पाय ठेवून विचार करायला लागला, आणि शेवटी मावशी फळी काढून देईपर्यंत बसून राहायला लागला. खैरनार डॉक्टरांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, "मावशी, याला काय घालता?"

"सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी. आन् जरा दूध."

"एवढ्यानं कुत्रं असं होत नाही."

"माझं कुत्रं मला म्हाईत हाय. त्याच्या पोटात वारा धरलाय."

"वारा नाही धरला, मावशी. ही चरबी आहे. खाणं निम्मं करा."

मावशींनी निम्मं केलं. डांबर आणखी फुगला. मावशी विजयी मुद्रेनं परत गेल्या. डॉक्टर बुचकळ्यात पडले.

त्याच महिन्यात डाव्या दारामागे मंजिरी वेगळ्याच काळजीत होती. मखमलाबाद रोडवरची चार-पाच मुलं तपासायला येत होती, सगळ्यांची तक्रार एकच, वजन वाढत नाही. आया शपथेवर सांगत होत्या की डबा रोज चाटून-पुसून रिकामा येतो. मंजिरीनं जंताचं औषध दिलं, रक्त तपासलं, काही सापडेना. एक दिवस जेवताना तिनं नवऱ्याजवळ हा विषय काढला. नवऱ्यानं आपला विषय काढला. दोघांचा घास हातातच राहिला म्हणे.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या जेवणाच्या वेळेला दोन्ही डॉक्टर मावशींच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. नेमकी त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मलाही बघायला मिळालं. आत मुलं ओळीनं मांडी घालून बसलेली. मावशी एका तान्ह्याला भरवण्यात गुंग. आणि त्या ओळीच्या मागून डांबर चाललेला, शांतपणे, एकेका पाठीशी थांबत. प्रत्येक मुलाचा हात मागे जायचा आणि रिकामा पुढे यायचा. ओळीच्या शेवटी माझी मिनू होती. तिनं तर अख्खी पोळी दिली.

"मावशी," खिडकीतून खैरनार डॉक्टर म्हणाले, "वारा इथून येतोय."

मावशींनी मागे वळून बघितलं. डांबर थांबला. मुलं थांबली. मग मावशी इतक्या हसल्या की मांडीवरचं पोर हादरायला लागलं. मात्र हसू ओसरल्यावर त्या मंजिरीकडे वळून एवढंच म्हणाल्या, "पोरं वाटून खातात ना पण. हे तू तुझ्या कागदावर लिवलं का?"

त्या दिवसापासून डांबरची पंगत आधी बसायला लागली आणि त्यानंतर त्याला अंगणात आप्पांजवळ बसवलं जाऊ लागलं. मुलांची वजनं वाढली. डांबर पुन्हा उडी मारायला लागला. दोन्ही डॉक्टर मावशींकडे हक्कानं चहाला येऊ लागले.

हे सगळं हसत-खेळत चाललं होतं. मावशींचं कधी चुकेल असं कुणाला वाटत नव्हतं, आणि मावशींना तर अजिबातच नाही.

निनाद आठ-नऊ महिन्यांचा होता. त्याची आई स्वाती शाळेत शिकवायची. एका सकाळी ती त्याला सोडायला आली ती जरा घाबरलेलीच होती. "मावशी, पहाटेपासून मधूनमधून फार रडतोय. डॉक्टरांना दाखवून मग शाळेत जाऊ का?"

मावशींनी निनादला घेतलं. गाल लावला, ताप नव्हता. हिरडीवरून बोट फिरवलं. पोटावर टिचकी मारली. "दात येतायत. आन् पोटात वारा हाय थोडा. तू जा शाळेत. हिंग लावते, दुपारपर्यंत खेळंल."

स्वाती गेली. मला सर्दी होती म्हणून मी घरीच होते. साडेदहाच्या सुमारास गवती चहा मागायला मावशींकडे गेले तर त्या निनादला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. निनाद शांत होता. पण मावशी त्याच्याकडे एकटक बघत होत्या.

"झोपला वाटतं," मी म्हणाले.

"नाय. गप हाय. झोपला नाय."

तेवढ्यात निनाद किंचाळला. पाय पोटाशी घेतले, चेहरा पांढरा पडला. थोड्या वेळानं एकदम थांबला, कुणी कळ बंद करावी तसा. मान टाकून पडून राहिला. मग उलटी केली, हिरवट.

मावशी उठल्या. "हे रडणं माझ्या वळखीचं नाय," त्या म्हणाल्या. "आप्पा, पोरांना बघा." चप्पल न घालताच त्या फाटकाबाहेर पडल्या. मी मागे धावत जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात ओट्यावर बरीच गर्दी होती. मावशी कुणालाही न विचारता सरळ आत गेल्या. मंजिरीनं वर बघितलं आणि तिच्यासमोरच्या बाईला हातानंच थांबवलं.

मावशींनी सांगायला सुरुवात केली. सांगणं नीट होतं. कसा रडतो, पाय कसे घेतो, मध्ये कसा एकदम गप होतो, त्या गप होण्यात खेळणं कसं नाही, अंगात जीवच नसल्यासारखा कसा पडतो, आणि पुन्हा कधी सुरू होतो. मंजिरीनं पोटावर हात ठेवला, थोडं चाचपलं आणि फोन उचलला. मोठ्या इस्पितळात सर्जनना कळवलं. मग आमच्याकडे वळून तिनं आपल्या कुडत्याची बाही धरली आणि आत ढकलून दाखवली. "आतड्याचा एक भाग असा दुसऱ्यात शिरलाय. वेळ लागला तर वाईट होतं. मी येते बरोबर."

ती खरोखर आली. ओट्यावरची गर्दी तशीच सोडून.

ऑपरेशनची तयारी ठेवून डॉक्टरांनी आधी नळीनं पाणी सोडून बघितलं, आणि आतडं जागेवर गेलं. पोट उघडावं लागलं नाही. हे कळेपर्यंत मावशी इस्पितळाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. स्वाती शाळेतून धावत आली. तिनं मावशींचे हात धरले, रडत म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे..."

"थांब," मावशी म्हणाल्या. "आधी ऐक. सकाळी तू डॉक्टरकडं नेणार होतीस. मी नको म्हणले. माझं चुकलं. पोराला अर्धा दिवस माझ्यापायी दुखलं."

स्वातीला तेव्हा हे ऐकायचंच नव्हतं. पण मावशींनी ते पुन्हा एकदा सांगितलं, संध्याकाळी निनादचे वडील आल्यावर, तितक्याच स्पष्टपणे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फाटक लावून घेतलं. सकाळी आम्ही आया आपापली पोरं घेऊन उभ्या, आणि मावशी आतून सांगतायत, "दुसरीकडं बघा. मला आता कळत नाय." आम्ही समजावलं, आप्पांनी समजावलं, स्वातीनंही येऊन समजावलं. काही उपयोग नाही. डांबर फळीशी बसून रस्त्याकडे बघत राहायचा. मी ऑफिसला रजा टाकली. कॉलनीतल्या दोन जणींच्या सासवा गावाहून बोलवाव्या लागल्या आणि त्या घरांतलं वातावरण लगेच बदललं.

शेवटी मंजिरी आली. मी शेजारीच आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, त्यामुळे ऐकू आलं.

"मावशी, मी परवा दोन मुलांना नुसता सर्दी-ताप म्हणून घरी पाठवलं. एकाला गोवर निघाला. मग मी पण बंद करू दवाखाना?"

"तू शिकलेली हायेस. तुझं चुकलं तर पुस्तकाचं चुकलं."

"असं नसतं. माझं चुकलं तर माझंच चुकतं. त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ना, रडणं, गप होणं, परत रडणं, त्यावरूनच मला कळलं. हात लावायच्या आधी. पुष्कळ आया सांगतात, खूप रडतोय. एवढंच. खूप रडणारी मुलं मी रोज बघते."

मावशींनी डांबरला हाक मारली.

"सकाळी चुकलात. नंतर चुकला नाहीत. मला दोन्ही माहीत आहे."

"चहा घेतीस?" मावशी म्हणाल्या.

सोमवारी फाटक उघडलं. पण तेव्हापासून एक फरक पडला. त्यांचं ते "आता मी सांगते तसं कर" हे वाक्य गेलं नाही, पण त्याला एक शेपूट आलं. "दुपारपर्यंत फरक नाय पडला तर मंजिरीकडं." आणि दुपार झाली की त्या स्वतःच पोराला खांद्यावर टाकून निघायच्या. मंजिरी वैतागायची. "मावशी, याला डास चावलाय!"

"मग तसं लिवून दे."

दोन-तीन वर्षांनी मंजिरीला मुलगी झाली. त्या नीटनेटक्या बाईची काय अवस्था झाली ते सांगायला नको. माहेरी बाळंतपण करून ती परत आली आणि रोज संध्याकाळी त्यांच्या घरातून बाळाचं रडणं थेट नाक्यापर्यंत ऐकू यायला लागलं. तिनं स्वतः तपासलं. तिच्या कॉलेजातल्या सरांना दाखवलं. खैरनार डॉक्टरांनी वासरांच्या अनुभवावरून एक-दोन सूचना केल्या, त्यानंतर ते दोन दिवस दवाखान्यातच जेवले. मग एका संध्याकाळी मंजिरी बाळाला घेऊन मावशींच्या ओट्यावर येऊन बसली. केस विस्कटलेले, ओढणी उलटी.

"दोन डॉक्टर घरात, आन् पोरगी रडतीय व्हय?" मावशी म्हणाल्या. त्यांना केवढा आनंद झाला होता. तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "डॉक्टर काय म्हणला?"

"मावशी, डॉक्टर मीच आहे."

"मग तू काय म्हणलीस?"

"म्हटलं, काही झालेलं नाही. या वयात संध्याकाळी रडतात काही मुलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप थांबतं."

"मग बरोबर हाय की. ऐकत का नाय स्वतःचं?"

मंजिरी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मावशींनी बाळ घेतलं, आपल्या हातावर पालथं टाकलं, पोट तळव्यावर येईल असं, आणि अंगणात येरझाऱ्या घालायला सुरुवात केली. डांबर मागून. बाळ लगेच गप झालं असं मी सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. ते चांगलं अर्धा तास रडलं. मावशी फिरत राहिल्या. मधूनच म्हणाल्या, "पोरीला काय झालं नाय. तुला झोप पायजे. आत चटई हाय." मंजिरी आत गेली ती दिवे लागल्यावरच बाहेर आली. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी हेच चाललं. बाळ रडायचं, मावशी फिरायच्या, डॉक्टरीण झोपायची. मग मंजिरीनं सांगितलेल्या सुमाराला रडणं थांबलं. दोघींनीही त्याचं श्रेय घेतलं.

डांबर म्हातारा झाला. त्या काळात कलेक्टरीणही बदलली होती. मांजरी दुसरी-तिसरी असतील, पण पद तेच चालू होतं. आप्पा निवृत्त होऊन अंगणातच असायचे. डांबर त्यांच्या खुर्चीखाली पडून राहायचा. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. खैरनार डॉक्टर घरी येऊन सलाईन लावायचे, औषधं द्यायचे. एकदा त्यांनी मावशींना सांगितलं की आता औषधाचा उपयोग नाही. त्याला त्रास होतोय. झोपेचं इंजेक्शन देता येईल.

"माहेरी आम्ही कधी जनावराला असं घालवलं नाय," मावशी म्हणाल्या. "त्याचं ते जातं."

डॉक्टरांनी आग्रह केला नाही. पुढचे काही दिवस मावशी डांबरजवळ बसून राहिल्या. त्याला पाणी पाजायच्या, ते बाहेर यायचं. उठायला गेला की मागचे पाय घसरायचे, आणि त्याची त्यालाच लाज वाटल्यासारखा तो दुसरीकडे बघायचा. मुलं हळू आवाजात खेळायला लागली होती. मग मावशींनी डॉक्टरांना बोलावलं आणि विचारलं, "तुमचं कुत्रं असतं तर?"

डॉक्टर बराच वेळ डांबरच्या कानामागे खाजवत राहिले. "मागच्या आठवड्यातच दिलं असतं," ते म्हणाले.

"मग दोघं सारखंच सांगताय," मावशी म्हणाल्या. "त्यानं पण तोंड फिरवलंय." त्यांनी डांबरचं डोकं मांडीवर घेतलं.

मुलांना काय सांगायचं हा प्रश्न उरला. एका आईनं पेपरात वाचलं होतं की लहान मुलांना असल्या गोष्टी सांगू नयेत. डांबर हरसूलकडे एका शेतावर राहायला गेला, असं सांगावं. मावशींचा विचार होता, डांबर झोपला म्हणून सांगायचं. पण त्यांनी आधी मंजिरीला विचारलं. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, एवढी सवय त्यांना आता लागली होती. मंजिरी म्हणाली, "झोपला म्हणू नका, मावशी. मग मुलं झोपायला घाबरतात. आणि शेतावर गेला म्हणाल तर ती वाट बघतील. मेला म्हणा."

"मेला म्हणू? एवढ्याशा पोरांना?"

"हो. पण जवळ घेऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि सांगितलं. डांबर म्हातारा झाला होता, आजारी होता, आणि काल मेला. एक मुलगी रडायला लागली, मग दुसरी. एका चार वर्षांच्या मुलानं विचारलं, "त्याला दुखत होतं?"

"व्हय."

"आता?"

"आता नाय."

त्यानं जरा विचार केला. "मग त्याची भाकरी कुणाला?"

मावशी ओळ ओलांडून त्याच्याजवळ गेल्या, खाली बसल्या आणि त्याला मिठीत घेऊन त्या स्वतःच रडल्या. सगळी मुलं उठून भोवती आली आणि त्यांच्या पाठीवर, डोक्यावर थोपटायला लागली. शाब्बास, शाब्बास, म्हणत.

मिनू कॉलेजला पुण्याला गेली, माझी बदली झाली, आम्ही नाशिक सोडलं. मावशींनी पाळणाघर सुनेकडे दिलं होतं. तिथे आता खरी पाटी लागली होती, भिंतीवर हत्ती-घोडे रंगवले होते.

शेवटचं त्यांना मी बघितलं ते नंतर एकदा नाशिकला गेले असताना, दवाखान्याच्या ओट्यावर. मार्च संपत आला होता, ऊन चढलं होतं. मावशी बाकड्यावर बसल्या होत्या, मांडीवर भाजीची कापडी पिशवी, आणि पिशवीतून मांजरीच्या एका पिल्लाचं डोकं बाहेर. त्या वाळल्या होत्या, नजरही कमी झाली होती. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "मिनूची आई ना ग? ये, बस."

मी बसणार तोच शेजारी एक तरुण मुलगी येऊन बसली. हातात दोन-तीन महिन्यांचं बाळ, पक्कं गुंडाळलेलं, कानाखाली बांधलेली लोकरीची टोपी. बाळ कुरकुरत होतं. कॉलनीतल्याच कुणीतरी सांगितलं असणार तिला, कारण तिनं मावशींकडेच वळून विचारलं, "आजी, हा सारखा किरकिर करतो हो. काय करू?"

"आत डॉक्टर बसल्यात, लय हुशार हायेत," मावशी म्हणाल्या. "त्यांना विचार. मला आता काय कळतंय?"

मुलीनं मान हलवली आणि आपला नंबर कधी येतो ते बघायला दाराकडे तोंड केलं. तेवढ्यात मावशींच्या हातानं, जणू त्यांना न विचारताच, त्या टोपीची गाठ सोडवली, टोपी काढली आणि बाळाच्या घामेजल्या डोक्यावरून पदर फिरवला.

बाळ गप झालं आणि मान वळवून पिशवीतल्या पिल्लाकडे बघायला लागलं.